विसरण्याचा उपदेश आणि मनाचे घाव

शरीराची जखम डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर मलमपट्टी होते. मनाची जखम दिसत नाहीं, म्हणूनच तिची उपेक्षा होते. घरांत कोणावर भयंकर अपघाताचा किंवा डोळ्यांदेखत आप्त गमावण्याचा प्रसंग ओढवला, कीं वडीलधारीं माणसें मायेनें सांगतात, "झालें तें झालें, आतां तो विचारच मनांत आणूं नकोस." हा उपदेश प्रेमाचा खरा, पण तो हिताचा आहे काय? या प्रश्नाचा सखोल विचार पहिल्या महायुद्धाच्या काळीं डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज डॉक्टरांनीं केला.

त्या युद्धांत अंगावर ओरखडाहि न उमटलेले सैनिक थरथर कांपूं लागत; कोणाची वाचा बसे, कोणाची दृष्टि जाई, कोणी रात्रीं किंकाळी फोडून जागा होई. चार्ल्स मायर्स यांनीं १९१५ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत या विकाराविषयीं लिहितांना 'शेल शॉक' हा शब्द योजिला. तोफगोळ्याच्या स्फोटानें मेंदूला हादरा बसत असावा, असा आरंभीं तर्क होता. परंतु स्फोटापासून दूर असलेल्यांसहि हीच व्याधि जडते असें दिसूं लागलें, तेव्हां तो तर्क अपुरा ठरला. कित्येकांनीं तर यास सरळ भित्रेपणाच म्हटलें. पलायन, भ्याडपणा इत्यादि आरोपांखालीं गोळ्या घातलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना मरणोत्तर क्षमा मिळाली, ती २००६ सालीं!

मनाच्या खोल थरांचा शोध तत्पूर्वींच व्हिएन्ना येथें सुरू झाला होता. ब्रॉयर व फ्रॉइड यांनीं १८९५ सालच्या आपल्या ग्रंथांत हिस्टेरियाचें मूळ दडपलेल्या आठवणींत दाखविलें. जी आठवण मनाबाहेर ढकलली जाते, ती नष्ट होत नाहीं. जाणिवेच्या तळाशीं राहून ती रोगलक्षणांच्या रूपानें वर येते. रिव्हर्स यांनीं यांतील मर्म घेतलें. मात्र फ्रॉइडप्रमाणें कामवासनेवर भर न देतां, जीव वाचविण्याची सहजप्रेरणा आणि सैनिकाचें कर्तव्य यांच्या झगड्यांत त्यांनीं या विकाराचें कारण पाहिलें.

१९१६-१७ मध्यें ते एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयांत लष्करी अधिकाऱ्यांवर उपचार करीत. त्यांतील एकाला आपल्या मित्राचें छिन्नविच्छिन्न प्रेत रणांगणावर आढळलें होतें. रात्रीं तेंच दृश्य स्वप्नांत येई. झोपेचीच त्याला धास्ती वाटे. दिवसां तो ती आठवण निकरानें दूर लोटी, कारण सल्लाहि तसाच मिळाला होता. रिव्हर्स यांनीं त्याला उलट वाट दाखविली. देहाची ती दशाच सांगत होती कीं, मित्राला तत्क्षणीं मरण आलें. त्याला तडफडावें लागलें नाहीं. ही गोष्ट त्यांनीं रोग्याच्या ध्यानीं आणून दिली. आठवण तीच राहिली. पण तिच्याकडे पाहण्यास सोसवेल अशी एक बाजू मिळाली. कांहीं रात्रीं स्वप्न आलेंच नाहीं. पुढें आलें तेव्हां तो प्रेतापाशीं गुडघे टेकून, मित्राच्या घरच्यांकडे पाठविण्यासाठीं त्याच्या वस्तु गोळा करीत होता. जाग आली तीहि किंकाळीनें नव्हे. तो हळुवार रडत होता. भयाची जागा शोकानें घेतली होती, आणि शोक माणसाला सोसतां येतो.

हा उपाय सर्वत्र लागू पडतो असें मात्र नव्हे. दुसऱ्या एका अधिकाऱ्याची आठवण इतकी किळसवाणी होती कीं, तिच्यांत तशी बाजूच सांपडेना. हें अपयशहि रिव्हर्स यांनीं १९१८ सालीं 'लॅन्सेट'मध्यें छापलेल्या निबंधांत प्रांजळपणें नमूद केलें. शिवाय, अहोरात्र आठवणींतच बुडून राहणें हेंहि त्यांनीं अपायकारकच मानलें.

१९८० सालीं अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें आघातोत्तर विकाराला आपल्या यादींत स्वतंत्र स्थान दिलें. आजच्या अनेक उपचारांतहि रोग्याला जाणत्या तज्ज्ञाच्या सोबतीनें, टप्प्याटप्प्यानें आठवणीला सामोरें नेतात. परंतु प्रसंग घडतांच बळेंच सर्व कांहीं बोलावयास लावणें हितकर ठरलेलें नाहीं. तेव्हां घरच्यांनीं "विसर" म्हणूं नये आणि "सांग" म्हणून खोदूंहि नये. बोलावेंसें वाटेल तेव्हां न कंटाळतां ऐकणारें माणूस जवळ असावें. आणि महिना उलटूनहि झोप व नित्याचे व्यवहार विसकटलेलेच राहिले, तर तज्ज्ञाकडे जाण्यांत कमीपणा मानूं नये. हाड मोडलें असतां वैद्याकडे जाण्याची कोणास लाज वाटते?