ढिगाचा ताप

मे महिन्यात लोणारच्या शिवारात सोनखताचा, म्हणजे माणसाच्या मैल्यापासून होणाऱ्या खताचा, ढीग सांभाळायचा म्हणजे पहिली लढाई पाण्याची. उन्हाने ढीग कडेकडेने सुकत जातो आणि सुकला की कुजणं थांबतं. म्हणून सकाळी आधी ढिगाचा ताप बघायचा. लांब दांड्याचा थर्मामीटर मधोमध खुपसायचा आणि काटा स्थिरावेपर्यंत थांबायचं. 55 अंशांच्या वर असला तर जिवाणू जोमात आहेत, बाकी कामाला लागायला हरकत नाही.

काटा उतरला असेल तर ढिगात खोचून ठेवलेली लोखंडी सळई ओढून काढायची. टोक कोरडं निघालं तर पाणी शिंपडायचं. चिकट आणि कुबट निघालं तर आत हवा नाही. तिथे सोयाबीनचं कुटार भरायचं. मैल्यात नायट्रोजन भरपूर, कार्बन कमी. कुटार ती उणीव भरून काढतं. अमोनिया डोळ्यांना झोंबू लागला की समजावं, खताचा कस हवेत चाललाय. नवा मैला नेहमी मधल्या खळग्यात ओतायचा आणि वर कुटाराचा वीतभर थर द्यायचा. इतकं केलं तर माशी फिरकत नाही. पावसाळ्यात मात्र वर टिनपत्रा हवाच.

पण नुसत्या तापावर मी विसंबत नाही. ढिगाच्या कडा मधल्या भागाइतक्या तापत नाहीत आणि जंतांची अंडी भारी चिवट. त्यामुळे भरणं थांबवल्यावर ढीग वर्षभर तसाच मुरू द्यायचा.

लोणारला हा खटाटोप अधिकच गरजेचा आहे. इथल्या सरोवरातून पाण्याला बाहेर वाट नाही. जे आत उतरतं ते आतच राहतं. गावाचं सांडपाणी वर्षानुवर्षं त्यात जात राहिलं, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2020 साली सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ज्या मैल्याने पाणी नासतं, त्यानेच आपली जमीन सुधारते.

आणि हे काम ज्याच्या घरचं त्यानेच करावं. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावं म्हणून उपोषण केलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून सोनखत करून दाखवलं. एका जातीच्या डोक्यावर लादलेलं काम त्यांनी स्वतःच्या हाती घेतलं. ते विसरून नुसतं खत मिरवणं मला पटत नाही.

तुमच्याकडे दोन शोषखड्ड्यांचं शौचालय असेल तर पहिला खड्डा भरल्यावर बंद करा, दुसरा सुरू करा आणि पहिल्याला किमान वर्षभर हात लावू नका. मग हातमोजे घालून खत काढा आणि आंब्या-लिंबाच्या बुंध्याशी मातीत मिसळा. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात ते घालू नका.