चिंचवडचा चापेकर वाडा : ऐतिहासिक स्थळ कसे पाहावे?

पिंपरी-चिंचवड म्हटले की कारखाने डोळ्यांसमोर येतात. पाहुणा म्हणून तेथे जाणारा मनुष्य इतिहासासाठी सहसा थांबत नाही. परंतु चिंचवडगावात दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या चापेकर बंधूंचा वाडा आहे व तो स्मारक म्हणून जतन करण्यात आला आहे. असे स्थळ कसे पाहावे, याचा थोडा विचार आम्ही येथे करीत आहोत.

पाली सुत्तांच्या आरंभी ‘निदान’ येते. उपदेश कोठे झाला, कोणाच्या संबंधात झाला, हे त्यात सांगितलेले असते. ‘निदान’ या शब्दाचा दुसरा अर्थ ‘कारण’ असा आहे. स्मारकातील प्रत्येक चित्रासमोर हे दोन्ही अर्थ मनात ठेवावेत, असे आम्हास वाटते.

पहिल्या अर्थाचे निदान स्पष्ट आहे. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावला, रँड ३ जुलै रोजी. दामोदर १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी गेले. धाकटे दोघे बंधू व त्यांचे सहकारी महादेव रानडे मे १८९९ मध्ये. एका कीर्तनकाराच्या घरातील तिन्ही पुत्र असे गेले.

आता कारण पाहू. रँड हा पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख होता. सैनिक घरोघर शिरून झडत्या घेत, आजाऱ्यांना रुग्णालयात व कुटुंबीयांना छावणीत नेत. लोक संतापले ते या जबरदस्तीमुळे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता. परंतु उंदरांवरील पिसवा तो माणसापर्यंत आणतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखविले ते १८९८ मध्ये. म्हणजे झडत्या चालू असताना रोगाचे निदानच अपुरे होते.

याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसर भागातील दवाखान्यात रुग्णसेवा केली आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचे निधन झाले. दामोदर यांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात मात्र समाजसुधारकांविषयी तीव्र राग व्यक्त झाला आहे. त्यामुळे चापेकरांचा त्याग उणा ठरत नाही. पण तो राग झाकून ठेवण्याचेही कारण नाही. एकाच आपत्तीला दोन घरांनी दिलेली ही दोन उत्तरे आहेत. वाडा पाहणाऱ्याने दुसरे घरही स्मरणात ठेवावे, म्हणजे १८९७ हे साल पुरतेपणी कळेल.

वाड्यातून निघाल्यावर पिंपरीकडेही अवश्य जावे. तेथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलीनमागोमाग तेथे स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले. प्लेगवर गुणकारी ठरलेले हे औषध आहे. ज्या रोगाच्या साथीने चिंचवडचे एक घर रिकामे झाले, त्या रोगावरील औषध त्याच परिसरात तयार झाले. जिज्ञासू प्रवाशाने ही दोन्ही स्थळे एकाच फेरीत पाहावीत, अशी आमची विनंती आहे.