वजनकाटा सारे सांगत नाही

"खात्यापित्या घरचा दिसतो" असे आपल्याकडे कौतुकाने म्हटले जाते. दुष्काळ पाहिलेल्या पिढीला सुटलेले पोट सुबत्तेचे लक्षण वाटले तर नवल नाही. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. भोसरी-चिंचवडला आणि पुढे चाकणला कारखाने उभे राहिले व नांगर धरणारे हात यंत्रावर आले. ताटातले अन्न वाढले, अंगमेहनत घटली.

पण वजन वाढल्याने नेमके बिघडते काय? चरबी ही नुसती साठवण नव्हे. पोटातील अवयवांभोवतीची चरबी रक्तात स्निग्धाम्ले सोडते. ती यकृतात व स्नायूंत साचली की हे अवयव इन्सुलिनला दाद देईनासे होतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन तयार करते. ते अपुरे पडू लागले की रक्तातील साखर वाढते. हाच मधुमेह. वाढलेली साखर, रक्तदाब आणि रक्तातील चरबी मिळून रोहिण्यांचे अस्तर खराब करतात, आत थर साचतो. हृदयाच्या रोहिणीतील असा थर फुटून गुठळी झाली की झटका येतो. म्हणजे रोग दोन, पण मूळ पुष्कळदा एकच.

मग सडपातळ माणसाने निर्धास्त राहावे काय? माझे वडील कारखान्यात पाळीवर जातात. हातपाय काटकुळे, पण कमरेचा पट्टा एकेक भोक सैल होत चालला आहे. "मला कुठे वजन आहे?" असे ते म्हणतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा समजावणे माझ्याकडेच आले.

उत्तर पुण्यातच सापडले. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता-बालकांचा अभ्यास केला. तेथील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्रज बाळांहून हलकी. पण वजनाच्या मानाने त्यांच्या अंगात चरबी अधिक आढळली.

म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेपही हवी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या पुढे गेली, तर उपाशीपोटी साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. साखर १०० ते १२५ च्या दरम्यान असेल तर सावरायला वेळ आहे. रोज अर्धा तास भरभर चालणे आणि ताटात भात-साखर कमी, डाळ-भाजी जास्त, एवढे पाळीवरच्या माणसालाही जमण्यासारखे आहे.