मास्तरीणबाई कोण?

साताऱ्यात माझ्या आईला सगळे मास्तरीणबाई म्हणत, कारण ती शाळेत शिकवायची. बदलीने आम्ही सांगलीला आलो, तर शेजारच्या काकूही मास्तरीणबाईच! त्यांनी कधी खडू हाती धरलेला नव्हता. शिकवत होते ते काका. आईला हे फार लागलं. दोष ‘ईण’ या प्रत्ययाचा. पाटलीण होते ती पाटलाच्या नात्यानं. तीच खोड इंग्रजीतून आलेल्या ‘मास्तर’लाही चिकटली. डॉक्टरीणबाईंचंही तेच.

परक्या शब्दाला आपण घरचे प्रत्यय बिनदिक्कत लावतो. ‘की’ लागली की पेशा: मास्तरकी, डॉक्टरकी. ‘ई’नं विशेषण होतं: डॉक्टरी सल्ला. ‘डा’नं मास्तरचा मास्तरडा होतो, म्हणजे अब्रूच जाते. (१९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था निघाली त्या मुलखात हा शब्द जपूनच वापरावा!) गंमत अशी, की ‘डॉक्टर’मधला ‘टर’ हाही प्रत्ययच, लॅटिनमधला, कर्ता दाखवणारा. मूळ धातूचा अर्थ शिकवणं. म्हणजे डॉक्टर मुळात मास्तरच.

आईनं शेवटी दारावर पाटी लावली, नावाखाली ‘शिक्षिका’. या ‘इका’त नवऱ्याला जागा नाही. हाक मात्र मास्तरीणबाई हीच राहिली.