लसीकरण : शंका, सक्ती आणि वैद्याचे कर्तव्य

हुडकेश्वर परिसरातील माझ्या चिकित्सालयात पुष्य नक्षत्राच्या दिवशी सुवर्णप्राशनासाठी येणाऱ्या माता एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, हे दिल्यावर गोवराची लस टोचायलाच हवी का?" या प्रश्नावर आपल्यापैकी काहीजण मौन पाळतात, तर काहीजण प्रतिप्रश्न करतात : प्रकृती भिन्न असता सर्वांना एकच लस कशी?

अग्निवेशाची शंकाही अशीच होती : प्रकृती भिन्न असता एकाच काळी एकाच व्याधीने जनपद नष्ट कसे होते? चरकसंहितेच्या विमानस्थानात आत्रेयांनी उत्तर दिले आहे की, वायू, उदक, देश व काल हे भाव सर्वांना समान असतात. समान हेतूविरुद्ध समान उपाय योजणे त्यामुळे शास्त्रविरोधी ठरत नाही.

सुरक्षिततेविषयीची शंकाही जुनीच. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हाफकिन पदावरून दूर झाले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. प्रत्येक दुर्घटनेची निःपक्षपाती चौकशी आवश्यक आहे, हाच त्याचा बोध.

सक्तीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोविड लसीच्या प्रकरणात निर्णय दिला. न्या. नागेश्वर राव व नागपूर खंडपीठात वकिली केलेले न्या. भूषण गवई यांच्या पीठाने म्हटले की, कोणासही बळजबरीने लस देता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणबद्ध निर्बंध घालता येतील. दुष्परिणामांची माहिती जनतेस खुली करण्याचा आदेशही दिला.

सक्ती नाही याचा अर्थ लस अनावश्यक, असा नव्हे. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईतील गोवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला; बालके दगावली.

म्हणून मी मातांना स्पष्ट सांगतो : काश्यपसंहितेतील लेहन बल्य आहे, लसीला पर्याय नाही. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण होताच, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत द्यावी. नंतर एक-दोन आठवड्यांत सौम्य ज्वर वा पुरळ येऊ शकते, हेही लपवू नये. पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आली असल्यास वा रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सुरू असल्यास आधी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. गंभीर लक्षणे दिसल्यास बालकास तत्काळ रुग्णालयात न्यावे व आरोग्य केंद्रात नोंद करावी.

सत्य सांगून मिळवलेली संमती सक्तीपेक्षा टिकाऊ असते. ती मिळवून देणे हे वैद्याचे कर्तव्य होय.