पोत्यात काय आहे, बाटलीत काय आहे?

२०१३ साली तीन महिन्यांच्या अंतराने दोन मोठे अपघात झाले. एक अमेरिकेत, दुसरा बिहारमध्ये. एका ठिकाणी गाव उद्ध्वस्त झाले, दुसऱ्या ठिकाणी शाळेतली लेकरे गेली. दोन्हीकडे शेतीला लागणारे रसायन भलत्या जागी, भलत्या पद्धतीने ठेवलेले होते. आणि ज्यांच्या जिवाला धोका होता त्यांना त्याची पुरती कल्पना कोणी दिलेली नव्हती.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात वेस्ट नावाचे लहान गाव आहे. तेथे खताचे गोदाम होते. इमारत लाकडी, आतले कप्पेही लाकडी आणि त्यांत अमोनियम नायट्रेट हे खत. गोदाम जुने होते. वस्ती हळूहळू त्याच्या जवळ सरकत गेली होती. शाळा, वृद्धाश्रम, भाडेकरूंची इमारत, सारे आसपासच होते. १७ एप्रिलच्या संध्याकाळी गोदामाला आग लागली. गावातले स्वयंसेवक आग विझवायला धावले. सुमारे वीस मिनिटांत प्रचंड स्फोट झाला. १५ माणसे मेली. त्यांपैकी १२ जण मदतीला धावून गेलेले होते. संध्याकाळ असल्याने शाळा रिकामी होती, एवढेच नशीब.

अमोनियम नायट्रेट स्वतः जळत नाही, पण आगीला प्राणवायू पुरवते. ते फार तापले, कोंडले गेले किंवा त्यात डिझेल, भुसा असे काही मिसळले तर त्याचा स्फोट होऊ शकतो. आपल्याकडे २०१२ च्या नियमांनुसार ते साठवायला परवाना लागतो. आपण शेतात टाकतो तो युरिया वेगळा. त्याचा असा धोका नाही. मात्र आगीत तापला तर त्यातूनही अमोनियाचा वायू सुटतो आणि डोळे, घसा, छाती जाळतो.

बिहारची घटना आपल्या घराच्या अधिक जवळची आहे. सारण जिल्ह्यातील गंडामन गावी १६ जुलै रोजी शाळेतले मध्यान्ह भोजन जेवून २३ मुले दगावली. गरीब घरची मुले ती. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. स्वयंपाकीण बाईने तेलाबद्दल शंका काढली होती, पण तिचे ऐकले गेले नाही, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. हाताने काम करणाऱ्या माणसाचे ऐकले असते तर मुले वाचली असती.

आमच्या वाचकांपैकी कितीतरी जण शेतमजुरी करतात, कोणी गोदामात हमाल आहेत, कोणी रखवालदार. पोते आपल्या पाठीवर, पंप आपल्या खांद्यावर. मग आत काय आहे हे विचारण्याचा हक्कही आपला आहे. घातक रसायनांबाबत १९८९ चे नियम आहेत. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असेल तर धोका काय आणि अपघात झाल्यास काय करावे, हे मालकाने आसपासच्या लोकांना कळवलेच पाहिजे. १९९६ च्या नियमांप्रमाणे अशा प्रसंगासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा पातळीवर गट असतो. वस्तीजवळ असे गोदाम असेल तर ग्रामसभेत लेखी विचारावे: साठा कशाचा? किती? आग लागली तर आम्ही कोणत्या वाटेने निघायचे?

घरात मात्र सुरुवात आपणच करायची आहे.

१. खताची पोती जमिनीवर नव्हे, फळ्यांवर रचावीत. भिंतीपासून अंतर ठेवावे. जवळ डिझेल, रॉकेल, कडबा, बी-बियाणे ठेवू नये. तेथे विडी-काडी नको.

२. कीटकनाशक चुलीच्या खोलीत, धान्याजवळ, खाटेखाली कधीही ठेवू नये. कुलूप लावता येईल अशा पेटीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावे.

३. मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओतू नये. रिकामा डबा धुऊनही पाण्याला, तेलाला वापरू नये. भोके पाडून निकामी करावा.

४. अंगावर सांडले तर कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे. पोटात गेले तर मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. रुग्णाबरोबर बाटलीही दवाखान्यात न्यावी, म्हणजे डॉक्टरांना विष कोणते ते कळेल. १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

५. गोदाम पेटले तर बघायला जाऊ नये, सामान काढायला आत शिरू नये. धूर जातो ती बाजू सोडून मुलाबाळांसह लांब निघावे. खिडकीच्या काचेपाशी थांबू नये. ११२ वर कळवावे.

आणखी एक गोष्ट भगिनींना सांगावीशी वाटते. आपण कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. मुलाच्या कानाला औषध म्हणजे बरे करणारी वस्तू. घरात तरी त्याला विष म्हणायची सवय लावू या. बाटलीवरच्या चौकटीत खाली रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. ज्या घरात आईला अक्षर येत नाही तेथेही रंग ओळखता येतो. येत्या सुटीच्या दिवशी घरातल्या शिकत्या मुला-मुलीला बसवून प्रत्येक बाटलीवरचे लेबल सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. अर्ध्या तासाचे काम आहे. तेवढ्यासाठी पुढच्या हंगामाची वाट पाहू नका.