दहावीनंतरची दोन वर्षे

दहावीचा निकाल लागला, की आमच्या गोंदियात दोन ठिकाणी गर्दी दिसू लागते. एक पेढ्यांच्या दुकानात आणि दुसरी नागपूरच्या गाडीला. पेढ्यांची गर्दी दोन दिवसांत ओसरते. गाडीची मात्र चांगली महिनाभर टिकते. वडील पुढे, आई मागे, मधे गुण मिळवून बावरलेले चिरंजीव किंवा कन्यका, आणि हातात कुठल्या तरी क्लासचे रंगीत पत्रक! असे कुटुंब फलाटावर दिसले, की खुशाल समजावे, येथे डॉक्टर किंवा इंजिनियर घडविण्याचे काम सुरू झाले आहे. नागपूर तर काय, रेल्वेने एकशेतीस किलोमीटर. ज्यांना हौस आणि ऐपत दोन्ही अधिक, ते थेट राजस्थानातले कोटा गाठतात.

क्लास कोणता, या एका प्रश्नावर घरात जेवढी खलबते होतात तेवढी नवे घर बांधतानाही होत नसतील. पण परीक्षा कोणती, तिच्यात काय विचारतात, त्यासाठी मुलाने केव्हा काय करावयाचे आणि घराने काय करावयाचे, याची चौकशी फारच थोड्या घरांतून होते. ती क्लासवाले पाहतील, असा एक भाबडा विश्वास असतो.

आजोबांच्या पिढीला हे कोडे नव्हते. मॅट्रिक व्हावे, मग इंटर सायन्सला चांगले गुण मिळवावेत, त्या गुणांवर मेडिकलचे दार उघडे. आयआयटीने तेवढी १९६१ साली आपली निराळी प्रवेशपरीक्षा सुरू केली. आज आयआयटी-एनआयटीसाठी जेईई, वैद्यकीयसाठी नीट आणि राज्यातल्या इंजिनियरिंग, फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी, अशा तीन परीक्षा सर्वांच्या तोंडी असतात. त्यांचे नियमही एका जागी बसून राहत नाहीत. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्यातल्या इंजिनियरिंगच्या प्रवेशांसाठी जेईईचे गुण धरले आणि २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. नीट २०१३ साली आली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, आणि २०१६ साली ती परत आली. तेव्हा पाच-सात वर्षांपूर्वी डॉक्टर झालेल्या मावसभावाचा सल्ला आदराने ऐकावा, पण त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. ते फुकट मिळते, आणि म्हणूनच बहुधा कोणी वाचत नाही.

आता अकरावीचे पाहा. हे वर्ष आपल्याकडे विश्रांतीचे समजले जाते. दहावीला मंडळाची परीक्षा, बारावीला मंडळाची परीक्षा आणि मधल्या वर्षी कॉलेजचीच घरगुती परीक्षा. मग मुलाने जरा मोकळा श्वास घेतला तर काय बिघडले? बिघडते ते असे. नीट आणि जेईई या परीक्षांत अकरावीचा अभ्यासक्रम बारावीच्या बरोबरीने हक्क सांगतो. सीईटीतही सुमारे वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात. शिवाय बारावीचे भौतिकशास्त्र अकरावीच्या खांद्यावर उभे असते. बल आणि गती कच्ची राहिली, तर पुढे विद्युतभाराची गती कशी उमगणार? बारावीच्या दिवाळीत जागे झालेले घर अकरावीचे पुस्तक पुन्हा उघडते, तेव्हा जेईईच्या जानेवारीतल्या पहिल्या फेरीला जेमतेम दोन-अडीच महिने उरलेले असतात आणि बारावीच्या प्रात्यक्षिकांचे दिवसही तोंडावर आलेले असतात.

याच्या उलट टोकाचीही एक तऱ्हा आहे. नाव एका कॉलेजात आणि मूल दिवसभर क्लासात! प्रयोगशाळेचे तोंड न पाहता मुले बारावी होतात. मंडळाची परीक्षा म्हणजे केवळ उपचार, अशी समजूत करून दिली जाते. ती खरी नाही. एनआयटीच्या प्रवेशासाठी सर्वसाधारण गटाच्या मुलाला बारावीत पंचाहत्तर टक्के तरी लागतात, नाही तर आपल्या मंडळाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असावे लागते. वैद्यकीयसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून पन्नास टक्के, राखीव गटांना चाळीस. (गुण अधिक पडतात म्हणून मराठी सोडून माहिती-तंत्रज्ञान घेणाऱ्या विज्ञानाच्या मुलांविषयी मी येथे काही बोलत नाही. दिवाळी आहे.)

भाषेविषयी मात्र बोललेच पाहिजे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडून येणारी पुष्कळ मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. ‘प्रकाशसंश्लेषण’ त्यांना उत्तम समजलेले असते. अकरावीत तेच इंग्रजी नाव धारण करून येते आणि हुशार मुलगी वर्गात गप्प बसते. तिची बुद्धी काही उन्हाळ्याच्या सुट्टीत कमी झालेली नसते! नीट आणि जेईईची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीत घेता येते, गणित इंग्रजीतच असते. पण माध्यम अर्ज भरतानाच निवडावे लागते आणि नीटच्या भाषांतरात शंका उद्भवली तर इंग्रजी मजकूर प्रमाण धरतात. दोन वर्षे इंग्रजीत शिकून ऐन परीक्षेत मराठी पत्रिका घेणे हेही अवघडच. दहावीच्या सुट्टीत दोन्ही भाषांतल्या संज्ञांची एक वही घरीच केली, रोज दहा-पंधरा शब्द लिहिले, तर जूनपर्यंत पाच-सहाशे शब्द होतात. त्याला क्लासची फी पडत नाही.

प्रश्नपत्रिकेचा स्वभावही घराला ठाऊक असावा. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेथे प्रश्न कोरा सोडणे म्हणजे आलेला पाहुणा दारातून परत पाठविणे. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा. २०२५ साली तेथे एकशेऐंशी मिनिटांत एकशेऐंशी प्रश्न होते, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. सीईटीच्या गणिताला पन्नास प्रश्न आणि दीड तास. एकीची सवय दुसरीत उपयोगी पडत नाही. म्हणून घड्याळ लावून सोडविलेली सबंध प्रश्नपत्रिका आणि तिच्यातल्या चुकांची शांतपणे केलेली तपासणी, यांचे मोल चार नव्या पुस्तकांहून अधिक.

एवढे सारे मुलाने केले आणि तरी जागा गेली, असे होते का? होते, आणि ते घराच्या हलगर्जीपणामुळे होते. वैद्यकीयच्या शासकीय जागांपैकी पंचाऐंशी टक्के राज्याच्या कोट्यातून भरतात. गोंदियातच २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गुण पुरेसे, जागा समोर, आणि जात वैधता प्रमाणपत्र अजून समितीत पडलेले! सरकार कधी मुदत वाढवून देते, पण कधी देईलच असे धरून चालता येत नाही. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांना हा अर्ज कॉलेजमार्फत करता येतो. तो अकरावीतच करावा.

कारण पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा. तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता. तो भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी निघाला. १९५६ पर्यंत तर हा सारा मुलूख मध्यप्रदेशात होता, त्यामुळे जुनी कोतवाल पंजी आणि शाळेचे दाखलखारीज पुष्कळदा हिंदीत सापडते. आडनाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे. कित्येक घरांची मुळे पलीकडे बालाघाटात. मग कुटुंब इकडे केव्हा आले, याचाही पुरावा शोधावा लागतो. तहसील, भंडाऱ्याचे अभिलेख, आजोबांची प्राथमिक शाळा, अशा फेऱ्यांत सहा महिने सहज जातात. ते जुलै महिन्यात, प्रवेशाच्या फेऱ्या चालू असताना, कोठून आणावयाचे? नॉन-क्रीमीलेअरचा दाखला पुन्हा निराळा, आणि केंद्राच्या जागांसाठी त्याचा नमुना आणखी निराळा.

राहिला प्रश्न मुलाला बाहेर पाठविण्याचा. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालील मुलांना क्लासने प्रवेश देऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. तरी आठवी-नववीपासूनची पत्रके घरोघर येतातच. काही मुले बाहेर रमतात, हे खरे. पण ज्याला घरचे जेवण आणि संध्याकाळी दोन शब्द बोलणारे माणूस हवे असते, त्याला पंधराव्या वर्षी परक्या गावच्या खोलीत कोंडून काय साधते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूरची महाज्योती ही शासकीय संस्था जेईई, नीट, सीईटीचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देत आली आहे, टॅबसुद्धा. तिची जाहिरात दहावीच्या निकालाच्या सुमारास पाहावी. नेमके तेव्हा आपण नागपूरच्या गाडीत बसलेले असतो.

भाऊबीज झाली, की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. दंडार होते, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. बारावीच्या मुलालाही एक संध्याकाळ मंडईत जाऊ द्यावे. एवढ्याने रसायनशास्त्र विसरत नाही. मूल तिकडे गेले, की घरातल्या मोठ्यांनी माडीवरची जुनी पेटी खाली घ्यावी, आजोबांना जवळ बसवावे आणि ते पहिलीत कोणत्या गावच्या शाळेत बसले होते, गुरुजींनी रजिस्टरात नाव कसे लिहिले होते, ते विचारून कागदावर टिपून ठेवावे.